थरथर कुणाची

बस्त्यावकाकांची गाडी तिसऱ्यांदा परत आली तेव्हा मी गॅरेजातल्या बाकावर नववीचा भूगोल उघडून बसले होते. एरवी काका दारातूनच आरोळी देतात. त्या दिवशी गप्प उतरले आणि सरळ बाबांसमोर जाऊन उभे राहिले.

"दिगंबर, घाट उतरताना ब्रेक दाबला की स्टेअरिंग अजून थरथरतंय."

बाबांनी हात पुसले. "बस्त्याव, तीनदा फिरवून आणली मी. गाडीत काही नाही."

"मग काय माझ्या अंगात आहे?"

"असेल. बासष्ट झाली ना तुला? हात थरथरत असतील तुझे."

ही थट्टा होती. दोघं एका बाकावर बसून शाळा शिकले, तेव्हापासून एकमेकांना असंच बोलतात. पण काका हसले नाहीत. त्यांनी उजवा हात गॅरेजच्या टेबलावर पालथा ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले, जसं कुणी दुसऱ्याच माणसाचा हात बघावा.

(आम्ही घरीदारी मालवणीच बोलतो. सगळ्यांना वाचता यावं म्हणून मी इथे पुस्तकी मराठीत लिहितेय. एकच वाक्य तसंच ठेवणार आहे.)

काकांची गाडी साधी नाही. घाटमाथ्यावरच्या वाड्यांमध्ये पाच माणसं आहेत ज्यांच्या किडन्या गेल्यात. सोमवार, बुधवार, शुक्रवार काका पहाटे रिकामी गाडी वर नेतात, पाचही जणांना घेतात आणि घाट उतरवून तालुक्याच्या डायलिसिस केंद्रात पोचवतात. संध्याकाळी परत सोडतात. गेली सहा वर्षं. केंद्राने आणखी दोन चालक लावून बघितले होते. एक आठवडाभर टिकला, दुसऱ्याने पहिल्याच धुक्यात गाडी मध्ये सोडून दिली.

आणि आमचं गॅरेज घाटाच्या पायथ्याशी, कुंभारतिठ्यावर. इथे गाडी आली की आधी कंपनीचा टॅबलेट जोडतात, तो सगळीकडे हिरव्या खुणा दाखवतो, आणि मग लोक विचारतात, "ते झालं. मेस्त्री काय म्हणतात?" कारण टॅबलेटला वायरिंग कळतं, लोखंड कळत नाही. लोखंड बाबांच्या हातांना कळतं. त्यांची पद्धत ठरलेली. गाडी पाचव्या वळणापर्यंत चढवायची, तिथून पस्तीस-छत्तीसच्या वेगाने उतरवायची, रेडिओ बंद, बोलणं बंद, दोन्ही हातांची दोन-दोन बोटं स्टेअरिंगवर. खाली येईपर्यंत त्यांना कळलेलं असतं: चाकाचा नट सैल, की टायर एका बाजूने खाल्लाय, की ब्रेकची डिस्क, म्हणजे ब्रेकचे पॅड जिला चिमटीत धरतात ती चकती, बिघडलीय. आम्ही याला घाट-फेरी म्हणतो. लहान असताना मी डावीकडे बसून स्टेअरिंगच्या कडेवर तळहात ठेवायचे. बाबा विचारायचे, "लागलं?" मला काहीही लागलं नसलं तरी मी म्हणायचे, "लागलं." पुढे पुढे खरंच लागायला लागलं.

अडीच वर्षांपूर्वी बाबांचा डावा अंगठा आपोआप हलायला लागला. मग डावा हात, मग उजवा. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं. मेंदूत खोल एका जागी पेशी मरतात आणि उरलेल्या पेशींना एक ठेका लागतो, सेकंदाला चार ते सहा वेळा. तोच ठेका नसांमधून हातात उतरतो. बाबांच्या पान्याच्या आवाजावरून मला कळायचं की आज नट धरवत नाहीये. लोखंडावर लोखंड वाजत राहायचं, बारीक, घाईघाईने. घरी आई दार लोटून घ्यायची आणि त्यांना चमच्याने पेज भरवायची. दार कशाला लोटते ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

मग चतुर्थीनंतर मनगटी आली. कागदावर तिचं नाव कंपशामक मनगटपट्टा असं काहीतरी आहे. दिसायला घड्याळाच्या पट्ट्यासारखी, दोन्ही हातांना एकेक. बाहेरचा आवाज गिळणारे हेडफोन असतात ना, ते आवाज ऐकून त्याच्या बरोब्बर उलट लाट सोडतात आणि दोन्ही लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. मनगटी हेच नसेत करते. चार ते सहाचा ठेका दिसला की उलटा ठेका सोडते. आणि नुसता मेंदूकडून हाताकडे जाणारा नाही, तर हाताकडून मेंदूकडे परत जाणाराही ठेका पुसते, कारण हात हलला की त्याची बातमी वर जाते आणि वरची थरथर आणखी जोर धरते. हे वर्तुळ दोन्हीकडून तोडावं लागतं.

ती बांधली त्या दिवशी बाबांनी स्वतःची दाढी स्वतः केली. कुठेही न कापता. मग एक कागद घेऊन त्यावर 'दिगंबर आत्माराम मेस्त्री' असं चौदा वेळा लिहिलं. आईने तो कागद कपाटात ठेवलाय.

तर, काका टेबलावरच्या हाताकडे बघत होते, आणि मी भूगोल मिटून म्हटलं की चौथी घाट-फेरी आत्ता करू, मी पण येते. यंदा विज्ञान प्रदर्शनात परीक्षकांनी मला उभं-आडवं विचारलं आणि मी एकदाही अडखळले नाही. तेव्हापासून मला वाटतं की मी कुठेही तोंड घालू शकते, आणि आईला वाटतं की मला आवरायला हवं. बाबा म्हणाले, चल.

पाचव्या वळणावरून आम्ही उतरायला लागलो. रविवार होता, रस्ता रिकामा. काटा छत्तीसवर. बाबांनी ब्रेकवर पाय ठेवला आणि मी सवयीने हात लांब करून तळवा स्टेअरिंगच्या कडेवर टेकवला.

स्टेअरिंग थरथरत होतं. शेवटच्या गिरक्या घेणारा भोवरा तळहातावर धरला तर कसा लागेल, तसं. शंका घ्यायला जागाच नव्हती. मी बाबांच्या बोटांकडे बघितलं. ती माझ्या हातापासून वीतभर अंतरावर, त्याच गोल कडेवर होती. शांत. आणि बाबांच्या चेहऱ्यावर ते ऐकत असल्यासारखं जे असतं, तेच होतं.

"बघ," ते म्हणाले. "लोण्यासारखी उतरते. लागतंय काही?"

मी म्हटलं, "नाही."

का म्हटलं ते मला नीट सांगता येणार नाही. प्रदर्शनात तोफेसारखी बोलणारी मी, आणि तिथे तोंडातून एवढंच निघालं.

खाली येऊन बाबांनी मान हलवली. काकांनी चहा अर्धा ठेवला. ते म्हणाले की मेस्त्रीने चार वेळा नाही म्हटलं म्हणजे नाही. गाडी बरी आहे तर हात गेले. पाच माणसं मागे डोळे मिटून बसतात त्यांच्या हातांवर. शनिवारी केंद्रात जाऊन किल्ली देणार. बाबा म्हणाले, थट्टा केली रे. काका म्हणाले, "थट्टा तू केलीस. गाडी नाही करत."

ब्रेकच्या पॅडलला काही लागतं का, हेही बाबांनी काकांना विचारलं होतं. पण या विजेच्या गाड्यांत ब्रेकचं पॅडल म्हणजे बटण आहे, ते फक्त संदेश पाठवतं. चाकाचा धक्का पायापर्यंत येतच नाही. जे काही येतं ते स्टेअरिंगमधून हातातच.

एवढंच आता स्वच्छ झालं होतं: एकाच स्टेअरिंगवर दोन माणसांचे हात, आणि त्यातल्या एकाचे खोटं सांगत होते. काकांचे नव्हेत. मला लागलं होतं.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. आदल्या संध्याकाळी काकांच्या गाडीच्या टायरला सुतळी गुंडाळून मोजली होती, दोन मीटरला बोटभर कमी. ताशी छत्तीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला बरोब्बर दहा मीटर. दहा भागिले दोन, पाच. चाक सेकंदाला पाच वेळा फिरतं. डिस्कवर एके ठिकाणी दोष असेल तर ब्रेक लावल्यावर सेकंदाला पाच ठोके.

पाच.

चार ते सहाच्या अगदी मधोमध. मी तीस करून बघितलं, चारच्या थोडं वर. चाळीस करून बघितलं, साडेपाच. घाटात ज्या वेगाने गाड्या उतरतात तो सगळा वेग मनगटीच्या तोंडात जात होता. तिला रोगाची थरथर आणि गाडीची थरथर यांतला फरक कळत नव्हता. ती दोन्ही पुसत होती. हायवेवर ऐंशीने जाणाऱ्या गाडीचे ठोके अकरा, ते सुटत होते. म्हणून चार महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. बाबांच्याही. जे लागत नाही ते लागत नाहीये हे कसं कळणार?

मंगळवारी मी आईला वही दाखवली. तिने सगळं ऐकून घेतलं, भाजी चिरता चिरता. मग विळी आडवी केली.

"बाबांना सांगू नकोस."

मी म्हटलं, काका शनिवारी किल्ली देतायत. ती म्हणाली, तू गुपचूप काकांना सांग, गाडी दुसऱ्या गॅरेजात दाखवा म्हणून. मी म्हटलं, आणि पुढची गाडी? त्याच्या पुढची? आईने चिरलेली भाजी ताटलीत ओढली. मग म्हणाली की दोन वर्षं तिने त्यांना भरवलं, त्याचं तिला काही नाही, जन्मभर भरवेल. पण भरवून घेताना ते तिच्याकडे कधी बघायचे नाहीत. आता बघतात. "तू एका गाडीसाठी ते काढून घेणार?"

मी फक्त काकांना फोन करून म्हटलं, गुरुवारी गाडी आणा आणि कारण विचारू नका. काका म्हणाले, तुझ्या बापासारखीच आहेस, हुकूमच सोडतेस.

गुरुवारी शाळेतून आले तेव्हा गाडी उभी होती आणि बाबा चिडलेले होते. एवढं बघून झाल्यावर ही परत का, असं काकांना विचारत होते. मी दप्तर ठेवलं. खूप वाक्यं पाठ केली होती, ती सगळी गेली.

"बाबा, रविवारी मी खोटं बोलले. मला लागलं होतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी जॅक ओढला, पुढचं डावं चाक काढलं आणि कपाटातून सुईचा डायल गेज आणला, जो ते हाताने कळल्यावर फक्त खात्रीपुरता लावतात. गेजचं टोक डिस्कला टेकवलं आणि डिस्क हाताने हळूहळू फिरवली. सुई गप्प, गप्प, गप्प, आणि एका जागी दोन घरं उडाली. पुन्हा फिरवली. पुन्हा त्याच जागी. दोन घरं म्हणजे मिलिमीटरचे दोन शंभरांश, केसाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. एवढंसं सुद्धा या माणसाच्या बोटांतून कधी सुटलं नव्हतं.

चाक परत बसवून ते म्हणाले, बस. काका मागे बसले. पाचव्या वळणावरून छत्तीसने उतरलो. माझा तळवा कडेवर.

"लागतंय?"

"लागतंय."

बाबांनी सगळी बोटं पसरून स्टेअरिंगवर दाबली. मग घट्ट धरलं. मग एकच बोट ठेवलं. मग म्हणाले,

"माका काय्येक लागणा नाय गो, बाय."

त्यांनी गाडी कडेला घेतली आणि दोन्ही मनगट्या सोडून माझ्या मांडीवर ठेवल्या. मी वहीतलं गणित सांगितलं. ते काचेतून समोर बघत होते. माझं बोलणं संपायच्या आत डावा हात सुरू झाला, मग उजवा. तशा हातांनी त्यांनी आणखी दोन वळणं गाडी उतरवली, अगदी सावकाश, ब्रेक दाबत आणि सोडत. मग बाबा म्हणाले, आता सगळंच थरथरतंय, यात गाडी कुठली आणि मी कुठला ते निवडता येत नाही. मनगटी बांधली तर गाडी जाते, सोडली तर मी जातो. हे त्यांनी गेजवरचा आकडा वाचावा तसं सांगितलं, आणि हात पुढे केले. मी मनगट्या बांधल्या. मी माझ्या मोठेपणाच्या कितीतरी कल्पना केल्या होत्या. त्यात हे काम नव्हतं.

हात शांत झाले. आणि मग मला वाटलं नव्हतं ते झालं. त्यांनी मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. ब्रेक सोडला की थांबतं की मागे रेंगाळतं? लगेच थांबतं. वेग उतरला की ठोके लांबतात का? लांबतात. कडेवर वरच्या बाजूला जास्त की खाली? धक्का आहे की ओढ आहे? मी डोळे मिटून एकेक सांगत गेले, आणि माझ्याच हाताखाली काय चाललंय ते मला त्यांच्या प्रश्नांमुळे कळत गेलं. त्यांचं शिकलेलं सगळं जागच्या जागी होतं. फक्त आत यायची वाट बंद होती.

गॅरेजात डिस्क उतरवून त्यांनी ती उजेडात तिरकी धरली. सुई उडायची त्या जागी एक निळसर काळा डाग होता, ब्रेक पॅडच्या आकाराचा, शिक्का मारावा तसा.

"बस्त्याव, वर गाडी चार्ज करतोस?"

"करतो. पवनचक्कीच्या चार्जरवर. माणसं जमेपर्यंत पूर्ण भरते."

"आणि राखणदारापाशी थांबतोस."

काकांनी त्यांच्याकडे असं बघितलं की हे काय विचारणं झालं. राखणदाराचा दगड चौथ्या वळणावर आहे. घाट सांभाळणारा तो. उतरणारी प्रत्येक गाडी तिथे थांबते, मग चालवणारा हिंदू असो, मुसलमान असो की काकांसारखा ख्रिस्ती. मागे गाड्या असतात म्हणून कुणी उतरत नाही. उतारावरच पाय ब्रेकवर दाबून धरायचा, दोन्ही हात जोडायचे, पुढे निघायचं. मागे बसलेले पाच जण तर तिथे जरा जास्तच वेळ हात जोडतात. काका त्यांचं होईपर्यंत थांबतात.

बाबांनी डिस्क खाली ठेवली आणि समजावलं. विजेची गाडी वेग कमी करते तेव्हा मोटर उलट वीज करून बॅटरीत भरते, ब्रेकचं निम्मं काम तीच करते. पण बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर ती वीज ठेवायला जागाच नसते. मग सगळा उतार एकट्या डिस्कवर. चौथ्या वळणापर्यंत ती तव्यासारखी तापते, आणि अशा तापलेल्या डिस्कवर पॅड एकाच जागी दाबून धरला की त्याचा थर तिथेच चिकटतो. आठवड्यातून तीनदा. दर वेळी थोडा.

"म्हणजे देवाला हात जोडले म्हणून?" काका म्हणाले.

"हात जोडलेस त्याने नाही. पाय दाबलास त्याने."

काका पहिल्यांदा हसले. मग हसता हसता थांबले आणि आपला उजवा हात त्यांनी हळूच खिशात घातला. बाबांनी ते बघितलं. ते त्यांच्यासमोर गेले आणि म्हणाले, "हात तुझे बरोबर होते. माझे चुकले. किल्ली द्यायची नाही." एवढंच. मग बाबांनी लेथ चालू केला.

डिस्क दोन्ही बाजूंनी अगदी पातळ घासून सारखी केली. चाक जिथे बसतं त्या हबवरचा गंज ब्रशने काढला. नवे पॅड घातले. चाकाचे नट समोरासमोरचे एकेक करत मला आवळायला लावले, म्हणजे डिस्कवर सगळीकडून सारखा दाब येतो. आणि काकांना सांगितलं की वर बॅटरी पाऊणच भरायची, आणि राखणदाराच्या पुढे पन्नास पावलांवर सपाट जागा आहे तिथे गाडी पार्कात टाकून, पाय काढून, मग हवा तेवढा वेळ हात जोडायचे. तो पन्नास पावलं सांभाळून घेईल.

त्या रात्री बाबांनी चतुर्थीपासून घाट-फेरी करून 'काही नाही' म्हणून परत पाठवलेल्या गाड्या आठवून कागदावर लिहिल्या. सात निघाल्या. दुसऱ्या दिवशी सातही घरी फोन केला आणि प्रत्येकाला कारण सांगितलं, रोगाच्या नावासकट. ते बोलत असताना आईने दार लोटलं नाही. माझ्याशी मात्र ती अजून नीट बोलत नव्हती. बाबांनी तिला फक्त एवढं म्हटलं की मनगटी राहणार, पेज मी माझ्या हाताने पिणार. मनगटी बनवणाऱ्यांना मी पत्र लिहिलं. उत्तर आलं की चाचण्यांच्या वेळी असा वापर कुणाच्या विचारात आला नव्हता, आणि नोंद घेतली आहे. चाचण्यांमध्ये शिक्षक होते, कारकून होते, एक चित्रकारही होती. मेस्त्री नव्हता.

काकांच्या गाडीची शेवटची घाट-फेरी त्याच शुक्रवारी भल्या पहाटे केली, काका माणसं आणायला निघायच्या आधी. ते बाकावर बसून राहिले, म्हणाले, तुम्ही दोघं जा. पाचवं वळण. रेडिओ बंद. छत्तीस. बाबांनी ब्रेकवर पाय ठेवला आणि मी तळवा कडेवर टेकवला.

काही नव्हतं. मी चौथं वळण जाऊ दिलं, तिसरं जाऊ दिलं. डोळे मिटले. खाली घासणाऱ्या लोखंडाचा नुसता एकसारखा सूर. बाबांनाही काही लागत नव्हतं, पण त्यांना तर गाडी बिघडलेली असती तरी लागलं नसतं. खाली बाकावर काका वाट बघत होते आणि वर पाच माणसं दारात येऊन बसली असतील.

"लागतंय?" बाबांनी विचारलं.

लहानपणी मी किती सहज काहीही सांगून टाकायचे. मी आणखी एक वळण थांबले.

"नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. रस्त्याकडे बघत मान हलवली, जशी ते स्वतःच्या हाताने सांगितलेल्या गोष्टीवर हलवतात, आणि गाडी तिठ्यावर नेऊन काकांच्या पुढ्यात उभी केली.